ते कापड आधी काय होतं? घरी शिवलेल्या मुलांच्या कपड्यांचे अनुभव

गेल्या रविवारी माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी माझं झबलं सापडलं. १९७४ सालचं. मूळचं पांढरं, आता चहात बुडवल्यासारखं. खालच्या कडेला बोटभर लाल काठ. आईला दाखवलं तर चष्मा न लावताच म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या धोतराचं आहे ते. काठ खाली घेतला की दुमडायला नको, दोरे निघत नाहीत."

नव्या बाळाला नवं कापड घालायचं नाही, जुनेरंच घालायचं, ही रीत आपल्याकडे कितीतरी घरांत होती. धोतर शंभरदा धुतलेलं, खळ कधीच निघून गेलेली, सायीसारखं मऊ. दुसरी गंमत गळ्याची. झबल्यात डोकं घालायची सोयच नाही. मागून पूर्ण उघडं, दोन बंद. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरतं आणि छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. वर्षाचं होईस्तोवर दोन्ही सारखी होतात. म्हणजे छातीच्या मापाने बंद गळ्याचं काही शिवलं तर ते डोक्यावरच अडकणार. आईला हे आकडे कुणी सांगितले नव्हते, पण मागून उघडं ठेवायचं तिला ठाऊक होतं.

तर हा धागा त्यासाठी. तुम्ही मुलांना शिवलेलं, तुम्हाला कुणी शिवलेलं, फसलेलं असेल तर आधी ते. अट एकच: ते कापड आधी काय होतं ते सांगायचं.

(पुणे)

* * *

आमच्याकडे कापड आधी कापडच होतं, फक्त डागी. वडील इचलकरंजीत मागावर होते. मागावर उभा धागा तुटला आणि वेळेत सांधला गेला नाही, की कापडात लांबच लांब विरळ रेघ पडते. असा माल स्वस्तात मिळायचा. आई जमिनीवर कापड पसरून आधी सगळ्या रेघांवर खडूने खुणा करायची आणि मगच बेतायची. रेघ चुणीत गेली पाहिजे नाहीतर काखेत. घेरदार फ्रॉक शिवायची ते हौस म्हणून नाही. घेर जितका मोठा तितक्या चुण्या जास्त, आणि चुण्या जास्त म्हणजे रेघ लपवायला जागा जास्त.

दिवाळीला आम्ही तिघी बहिणी आणि दोघं चुलत भाऊ एकाच ताग्यातले. १९८३चा एक फोटो आहे. आम्ही पाच जण कॉटवर बसलोय, आणि मागच्या उशांचे अभ्रेसुद्धा त्याच पिवळ्या ठिपक्यांचे. धाकटा चुलत भाऊ त्यात पटकन दिसतच नाही.

(इचलकरंजी)

* * *

पुरुषांनी लिहिलेलं चालतं ना? लिहितोच.

मे २०२०. बायको नर्स, ती रोज ड्युटीवर. घरात मी, माझा लॅपटॉप आणि सहा वर्षांची कन्या. सासूबाईंचं जुनं पायमशीन गॅलरीत टीव्हीच्या खाली टेबल म्हणून उभं होतं. मास्क शिवायला म्हणून टीव्ही उतरवला.

पहिले दोन दिवस नुसता दोरा तुटत होता. मला वाटलं दोरा जुना, मग वाटलं सुई बोथट. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "चाक कुठल्या बाजूला फिरतंय?" चाक आपल्याकडे फिरायला हवं. माझा पाय पट्टीवर चुकीच्या वेळी पडायचा, चाक उलटं जायचं आणि खाली दोऱ्याचा गुंता व्हायचा. मग दोरा न ओवताच नुसतं पाय मारायची प्रॅक्टिस केली. तासभर. कन्या समोर बसून "बाबा सायकल चालवतोय" म्हणून टाळ्या वाजवत होती.

मास्क पन्नासेक झाले आणि अंगात वारं शिरलं. फ्रॉक! कापड म्हणजे माझा ऑफिसचा हाफ शर्ट, निळ्या चौकडीचा. एरवी तो घालून जायचं तरी कुठे होतं. शर्टाचा फ्रॉक करणं नवशिक्याला फार सोयीचं, कारण सगळ्यात किचकट काम, बटणपट्टी आणि काज, आधीच झालेलं असतं. ती बाजू पाठीमागे घेतली की झालं. मी पुढचा भाग कापणार तर कन्या म्हणाली, "खिसा काढू नकोस."

शर्टाचा खिसा फ्रॉकवर कुठे ठेवणार? पण ती हटून बसली. तेव्हा तिचं कपाट उघडून पाहिलं. चौदा फ्रॉक, त्यात खिसा एकालाही नाही. लेस आहे, मोती आहेत, एकाला तर कापडाचं फुलपाखरू आहे. खिसा नाही. सहा वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. खिसा उसवून बरोबर पोटावर लावला. कांगारूसारखी दिसत होती. त्या संध्याकाळी खिशातून निघालं ते असं: तीन खडू, एक खोडरबर, डोकं नसलेली बाहुली आणि ढोकळ्याचा तुकडा.

दुसरा फ्रॉक फसला. कापड चादरीचं, एका बाजूने छापील. बाही पुढून जरा जास्त खोल कापायची असते, मागून कमी. मी दोन्ही बाह्या एकाच दिशेने ठेवून कापल्या आणि दोन्ही उजव्या हाताच्या निघाल्या. जोडूनही पाहिल्या. डावा हात वर केला की सगळा फ्रॉक वर चढत होता. शेवटी बिनबाह्यांचा केला. कन्येला विचारलं तर "खिसा आहे ना? मग चालेल."

(ठाणे)

* * *

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून माझंही लिहिते.

ताईचा शाळेचा निळा ट्युनिक होता. तिला आखूड झाल्यावर आईने तो पूर्ण उसवला, कापड उलटं केलं आणि माझ्या मापाने पुन्हा शिवला. आतली बाजू कमी विटलेली असते, त्यामुळे नव्यासारखा दिसायचा. नव्यासारखाच, पण वर्गातल्या मुलींसारखा नाही. खाली चार बोटं दुमड ठेवलेली. दर जूनला आई थोडी उसवायची. जिथे आधी घडी होती तिथे कापड झिजून पांढरी रेघ पडायची, आणि तिच्याखालचा पट्टा गडद. आठवीपर्यंत तीन रेघा झाल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी त्या मोजायची. "पाचवी, सहावी, सातवी."

एकदा बाईंनी वर्गात उभं केलं, गणवेशाचा रंग वेगळा का म्हणून. घरी येऊन मी आईला म्हटलं, भिकारडं दिसतं हे. आई काही बोलली नाही. रात्री तिने तिन्ही रेघांवर निळी लेस लावली. दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप, गणवेशाला लेस चालणार नाही. रात्री तिने ती काढली. लेसचे टाके उसवल्यावर सुईची भोकं राहिली, आता रेघेच्या जोडीला ठिपकेही.

माझ्या मुलाच्या कपड्यांना मी बटणसुद्धा लावत नाही, बाहेर देते. त्यात अभिमान नाही. होत नाही माझ्याकडून.

(सांगली जिल्हा)

* * *

वरचं वाचून जरा वेळ थांबले. आमच्याकडेही टेरिकॉटचे शर्ट असायचे, मामाच्या पँटच्या उरलेल्या कापडाचे. आई म्हणायची फाटत नाही. खरंच फाटत नव्हता, हीच अडचण. मे महिन्यात पाठीला चिकटायचा, घाम शोषत नाही, आणि तीन वर्षं मरत नाही.

(जळगाव)

* * *

बेळगावची कुंची.

आमच्या आजीकडे ओटीत आलेल्या खणांची चळत असायची. गुळेदगुड्डचे खण, त्रिकोणी घडीतले, बारीक नक्षीचे. चोळ्या शिवणं कमी झालं, ब्लाउजपीस आले, खण नुसतेच फिरायचे, या ओटीतून त्या ओटीत. माझ्या मुलाच्या बारशाला आजीने त्यातल्या दोन खणांची कुंची केली. तेव्हा ती ८१ वर्षांची. मशीन नाही, सगळा धावदोरा.

कुंची म्हटलं तर टोपडंच, फक्त मागे पाठीवर झूल सोडलेली. आयताकृती तुकडा मधोमध दुमडायचा, एका बाजूची शिवण डोक्याच्या मागे येते, मानेपाशी चुण्या घेऊन आवळायचं आणि खाली मोकळं सोडायचं. कापड वाया जात नाही, एक चिंधी उरत नाही. आजीने आतून जुन्या पातळाचं मऊ अस्तर लावलं, कारण खणाची जर बाळाच्या कानामागे घासते. हनुवटीखाली नाडी मात्र मी लावू दिली नाही, झोपेत गळ्याशी आवळली तर? तिथे एक टिचबटण लावलं. आजी रुसली. म्हणाली, "तुझ्या बापाला नाडीचीच होती." बारशाचे दोन तास नाडी, बाकी वेळ टिचबटण, अशी तडजोड झाली.

(बेळगाव)

* * *

बोरन्हाणाचं झबलं शिवणाऱ्यांसाठी एक सूचना, स्वतः भोगलेली. काळं कापड (माझ्या सुती चंद्रकळेचा पदर) घेतलं, झबलं झकास झालं. हौसेने हलवा त्याच रात्री कापडावर टाचून ठेवला. सकाळी झबलं चालत होतं. मुंग्या! हलव्याचे दागिने आयत्या वेळी, बाळाला पाटावर बसवायच्या आधी पाच मिनिटं टाचा. आणि काळं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, रंग जातोय का पाहून घ्या. आमच्या बाळाच्या काखा रथसप्तमीपर्यंत राखाडी होत्या.

(नाशिक)

* * *

मी शिवणकामच करते, २२ वर्षं झाली. ब्लाउज मुख्य, फ्रॉक अधूनमधून. माझ्याकडे आलेल्या कापडातून उरलेल्या पट्ट्यांचे मी पोरीला परकर शिवायची, एकेक पट्टी जोडून. एकदा तिने एका ताईंना रस्त्यात सांगितलं, "काकू, तुमचं ब्लाउज माझ्या परकरात आहे." ताई हसल्या, मी मेल्यागत झाले. तेव्हापासून उरलेलं कापड आधी परत देते, नको म्हणाल्या तरच ठेवते.

खरं सांगू? पैसे वाचतात म्हणून आता कुणी शिवू नका. फ्रॉकची शिलाई मी २५० रुपये घेते, वर कापड वेगळं. आठवडी बाजारात तेवढ्यात तयार फ्रॉक येतो आणि उरलेल्यात क्लिपा. ज्यांना शिवायचंच आहे त्यांनी एवढं करा: कापड आधी धुवा, मग कापा. सुती कापड आटतं, आणि आटल्यावर रडणारे सगळे माझ्याकडेच येतात. बाजूच्या शिवणीला माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जास्तीचं कापड, इंचभर ठेवा. लांबीला त्याहून बरीच जास्त, कारण पोरं रुंदीपेक्षा उंचीत लवकर वाढतात. तीन वर्षांनंतर वर्षाला दोन-सव्वादोन इंच धरून चाला. खाली नुसती दुमड ठेवण्यापेक्षा कमरेच्या शिवणीजवळ आतून एक आडवी चूण घाला. पुढच्या वर्षी ती सोडली की रेघ कमरेपाशी येते, वर पट्टा बांधला की दिसत नाही. सांगलीच्या ताईंचं वाचून हे मुद्दाम लिहिलं.

(नागपूर)

* * *

माया! तोच शब्द हवा होता मला.

जर्मनीत आल्यावर शिवणाचं एक मासिक घेऊ लागले. त्यात मोठाल्या कागदांवर दहा-बारा कपड्यांच्या आकृत्या एकमेकींवर छापलेल्या, रंगीत रेघांचं जाळं. आपली रेघ शोधून पारदर्शक कागदावर उतरवून घ्यायची. मुलांची मापं वयावर नाहीत, उंचीवर: ९८, १०४, ११०, असं सहा-सहा सेंटिमीटरने. लेक १०४ होती. एक फ्रॉक निवडला. उतरवलं, कापलं, शिवलं. अंगात जाईना. कागदावर माया धरलेलीच नसते, ती आपण बाहेरून वाढवायची, असं पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. जर्मनमध्ये.

आणि कापड काय होतं, तर आईची नारायणपेठ. तिनेच "काप ग, मी आता कुठे नेसते" म्हणून दिलेली. दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तर म्हणाली, "मग कुणाला बसतो?" बसला तो लेकीच्या पाळणाघरातल्या एका तुर्की मुलीला. तिची आई ईदला फोटो पाठवते. या वर्षी तो तिच्या धाकट्या बहिणीच्या अंगावर होता.

(स्टुटगार्ट)

* * *

लिहू की नको करत होते.

मुलगा ३१व्या आठवड्यात झाला. १४०० ग्रॅम. आणलेली सगळी झबली त्याच्यावर चादरीसारखी. घातलं तर हात सापडायचे नाहीत, आणि अंगाला लावलेल्या वायरी काढायच्या कुठून? आत्याने माझ्या नवऱ्याच्या खिशातला रुमाल मागितला. पांढरा, कडेला तपकिरी रेघा. तिथेच, दवाखान्यातल्या बाहेरच्या बाकावर बसून, माझ्या पर्समधल्या सुईने शिवलं. नर्सताईंनी उकळून वाळवून आणायला सांगितलं, मग घातलं. असे नंतर सहा झाले. घरातल्या एकाही पुरुषाकडे रुमाल राहिला नाही.

(रत्नागिरी)

* * *

माप द्याल का? आमच्या शेजारी गरज आहे.

(पुणे)

* * *

देते. एक मोठा रुमाल पुरतो. लांबी ७ इंच. छाती १२, सैल धरून. खांद्याला शिवण नाही, कापड वरून दुमडायचं. बाही वेगळी जोडायची नाही, अंगातच कापायची, म्हणजे काखेत शिवणीचा जाड सांधा येत नाही. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा, आत नको. पुढून पूर्ण उघडं, कापडाचेच दोन बंद, छातीवर बांधायचे, गळ्याशी नाही. बटण नको. रुमालाची कड खाली घ्या, दुमडायला नको.

(रत्नागिरी)