एमिलीवर अन्याय होतोय

बीबीसीची २०१४ची ‘द मिसिंग’ ही मालिका रटाळ आहे आणि त्यातली एमिली आई म्हणून कोरडी वाटते, असं या चर्चेत दोघातिघांनी म्हटलंय. रटाळपणाचं म्हणाल तर आठच भाग आहेत, धीर धरा. पण एमिलीबद्दलचं मला अजिबात पटत नाही. तिचा पाच वर्षांचा मुलगा ऑलिव्हर फ्रान्समध्ये हरवतो, त्याचा बाप टोनी वर्षानुवर्षं शोध सोडत नाही, म्हणून आपण सगळे त्याच्या बाजूने. तो दारूच्या आहारी जातो, लोकांच्या अंगावर धावून जातो, ते सगळं माफ. तिने दुसरा संसार मांडला की मात्र ती पोराला विसरली! बापाला असं कुणी म्हटलं असतं?

मूल हरवतं तो प्रसंग पुन्हा बघा. २००६चा वर्ल्डकप, फ्रान्स-ब्राझील सामना, बारपाशी गर्दी, सगळ्यांचे डोळे टीव्हीवर, आणि हातातला हात सुटलेला. आमच्या गोव्यात ब्राझीलची मॅच असली की अशीच झुंबड असते, त्यामुळे माझ्या तर अंगावर काटाच आला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी मुलीचं मनगट घट्ट धरूनच चालते.

आणि मूल हरवलं की ‘पोलीस चोवीस तास थांबायला लावतात’ असं याच चर्चेत कुणी लिहिलंय, तर आपल्याकडे तसा नियमच नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संघटनेच्या याचिकेवर बजावलंय. कुणी टाळाटाळ केली तर हे ठणकावून सांगा, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवा.