मेटल ऐकून मोठा झालो, आता शास्त्रीय ऐकावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू?

रानवारा:
कॉलेजपासून माझं ऐकणं म्हणजे मेटल आणि पिंक फ्लॉइड. घरी आई नाट्यगीतं लावायची तेव्हा मी हेडफोन चढवून बसायचो. हल्ली मेटल कमी झालंय. नावडतं झालं असं नाही, पण पूर्वीसारखं अंगात भिनत नाही, आणि शास्त्रीय ऐकायची फार इच्छा होतेय. लोक याद्या देतात, त्यातलं थोरामोठ्यांचं गाणं लावतो आणि दहा मिनिटांत धागा सुटतो. ताल कुठे आहे तेच सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाची आवड अशी बदललीय का? तेव्हा काय ऐकलंत? भावगीतं नकोत, ती कानावर आहेतच.

निशिगंध:
आईची नाट्यगीतंच आधी लावा. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मध्ये 'घेई छंद मकरंद' दोन वेगवेगळ्या चालींत आहे, दोन्ही संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या. शब्द तेच असल्यामुळे चालीने आणि गायकीने काय बदलतं ते लगेच कळतं. लागोपाठ ऐका.

मध्यलय:
रानवारा, एक विचारू? पिंक फ्लॉइडमध्ये नेमकं काय आवडायचं? शब्द, आवाज, गिटार, की अजून काही? माझं ठाम मत आहे की आवड बदलते तेव्हा कानाला लागलेली गोडी तीच राहते, फक्त ती भागवणारं संगीत बदलतं. म्हणून सगळ्यांना एकच यादी देऊन उपयोग होत नाही.

रानवारा:
असा विचार केला नव्हता. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'ची सुरुवात. आठ मिनिटांहून जास्त वेळ कुणी गातच नाही, एकेक सूर येत राहतो. आणि मेटलमध्ये खर्जातली जड गिटार.

मध्यलय:
मग ख्याल, म्हणजे तबल्याच्या साथीने गातात ती नेहमीची शास्त्रीय गायकी, बाजूला ठेवा आणि थेट झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा लावा. राग यमन. तुम्हाला खर्ज आणि सावकाशी दोन्ही हवं आहे, आणि या वाद्यात ते ठासून भरलंय. डागरसाहेबांनी वीणेचे तुंबे (आवाज घुमवणारे भोपळे) मोठे करून घेतले, तारा जाड लावल्या. त्यामुळे खालच्या तारेवर मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत गेलं, की सूर विरायला खूप वेळ घेतो. चांगल्या हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज ऐकूच येत नाही.

तुमची तालाची अडचणही इथे येत नाही, कारण हे वादन म्हणजे आलाप, रागाचा सावकाश विस्तार, आणि आलापाला ताल नसतोच. आधी नुसता सूर, मग 'जोड' या भागात ठोका जाणवू लागतो, पुढे 'झाला' या शेवटच्या भागात वेग. मात्रा मोजायच्या नाहीत. आवडलं तर त्यांचे धाकटे भाऊ झिया फरीदुद्दीन डागर यांचं ध्रुपद गायन ऐका. पनवेलजवळ पळस्प्याला या घराण्याचं गुरुकुल आहे, म्हणजे हे काही फार दूरचं नाही.

देवगंधार:
मध्यलय यांच्याशी सहमत. ख्यालात दहा मिनिटांत धागा सुटतो त्याचं कारणही सांगतो. विलंबित (संथ) एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरं व्हायला बऱ्याचदा पाऊण मिनिट लागतं. नव्या कानाला सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, येईपर्यंत मागची सम आठवतच नाही. तेव्हा सुरुवातीला द्रुत (जलद) बंदिशी ऐका. भीमसेनजींची पूरिया धनाश्रीतली 'पायलिया झनकार' लावा, तबल्यावर हाताने टाळी धरा. सम हाताला सापडली की विलंबिताची भीती जाते.

शिवाय जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, म्हणून गायक सगळं सार तेवढ्यात मांडत. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐकाच. केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो' तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, आणि त्याच तबकडीवर चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे!

शुक्रतारा:
माझा प्रवास उलटा झाला. लहानपणापासून घरात किराणा आणि जयपूर घराण्यांचं गाणं, दुसरं काही वाजायचंच नाही. चाळिशीनंतर जॅझकडे वळले, आणि दार उघडलं माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ने (१९५९). त्यातलं 'सो व्हॉट' जवळजवळ दोनच स्वरसप्तकांवर उभं आहे. रागात रमणाऱ्या कानाला तिथे परकं वाटत नाही. नंतर किशोरीताई आमोणकरांचा भूप, 'सहेला रे', पुन्हा ऐकला तेव्हा तानांपेक्षा मधल्या विसाव्याच्या जागा जास्त ऐकू आल्या. रानवारा, जुनं मेटल काढून टाकू नका. कधीतरी परत लावाल तेव्हा त्यातही नवं काही सापडेल.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. डागरांचा यमन आत्ता अर्ध्यावर आहे, जोड सुरू झालाय. खालच्या तारेचं जे सांगितलंत ते अगदी तसंच. मध्यलय, यमननंतर यांचाच कुठला राग घेऊ?

मध्यलय:
चंद्रकंस. रात्री, दिवे मालवल्यावर. आणि शेवटपर्यंत थांबा, 'झाला' ऐकल्याशिवाय उठू नका.