फ्लोरिडाची शिष्यवृत्ती नेमकी घेतं कोण?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मुलांच्या खासगी शाळेच्या फीसाठी राज्याच्या योजनेतून शिष्यवृत्ती मिळते. 'सरकारी शाळेला कंटाळलेली गरीब घरातली मुलंच यातून खासगी शाळेत जातात, म्हणजे आपल्या आरटीईसारखंच' असं तिच्याबद्दल बोललं जातं. हे मत २०२३ च्या आधी बऱ्यापैकी बरोबर होतं. आता नाही. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल गटाला वर्षाला लाखाच्या उत्पन्नाची अट आहे, इथे त्या वर्षी जुलैपासून उत्पन्नाची अटच उठली. कमी उत्पन्नवाल्यांना प्राधान्य आहे, पण दार सगळ्यांना उघडं. पहिल्याच वर्षी नव्याने आलेल्या सुमारे १ लाख २३ हजार मुलांपैकी ६९ टक्के आधीपासूनच खासगी शाळेत होती, सरकारीतून आलेली जेमतेम १३ टक्के. बाकीची बालवाडीत नव्यानेच दाखल झालेली. आणि हे आकडे विरोधकांचे नाहीत, शिष्यवृत्ती वाटणाऱ्या संस्थेचेच आहेत.

आमची धाकटी त्या ६९ टक्क्यांतली. दोघंही नोकरीला, फी भरतच होतो. शाळेकडूनच मेल आला, 'सर्व पालकांनी अर्ज करावा.' राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल जोडलं, तासाभरात काम झालं. वर्षाला आठेक हजार डॉलर! नाही म्हणायला जीभ रेटली नाही, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंनाही अर्ज भरून दिला, त्यांना मंजूरही झाला. पण शाळेची फी त्याहून चार हजारांनी जास्त, आणि तिथे स्कूलबस नाही. सकाळी पावणेआठला त्या दुसऱ्या टोकाला कामावर असतात. मुलगा अजून सरकारी शाळेतच आहे.