बुडून होणारे मृत्यू खरोखर कमी होत आहेत का?

गिरणाकाठचा मास्तर:
पोळ्याला बैल धुवायला गेलेले पोर बुडाल्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर आली नाही, असे वर्ष मला आठवत नाही. उन्हाळ्यात विहिरी, पावसाळ्यात नाले आणि अलीकडे शेततळी. मात्र बुडून मरण्याचे प्रमाण जगभर घटले आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाल्याने एका सहकाऱ्याने सांगितले. हे खरे असेल, तर आपल्या खान्देशात ते जाणवत का नाही?

आकडेमोड्या, धुळे:
सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि २००० पासून लोकसंख्येच्या तुलनेतील मृत्यूदर ३८ टक्क्यांनी उतरला. ही घट युरोपात ६८ टक्के, तर आफ्रिकेत जेमतेम ३ टक्के आहे. एकूण मृत्यूंपैकी ९२ टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२१ मध्ये ३६,३६२ आणि २०२२ मध्ये ३८,५०३ मृत्यू नोंदवले, म्हणजे रोज शंभराच्या आसपास. शिवाय जागतिक आकड्यात पुरात वाहून गेलेले, होडी उलटून मेलेले आणि जीव दिलेले धरलेले नाहीत. विहिरीतून काढलेल्या बाईचा पाय घसरला की तिने उडी घेतली, हे आपल्याकडे बहुधा घरच्यांच्या जबाबावर ठरते. त्यामुळे अपघाताचा आकडाही मी जपूनच वाचतो.

केळीवाला, यावल:
शेततळ्याविषयी स्वतःच्या अनुभवाने लिहितो. तळाशी आणि उतारावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर वर्षभरात शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. मोटारीचा पाइप सरकवताना मागच्या वर्षी माझा पाय घसरला. मला पोहता येते, तापीत वाढलेला माणूस आहे. पण कडा दोन हातांवर असूनही धरायला काही नव्हते, आणि जितके वर चढावे तितके खाली घसरत होतो. शेवटी त्याच पाइपाला धरून बाहेर आलो. त्यानंतर चारही बाजूंना खुंट्या ठोकून, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले आणि ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून ठेवली. तारेचे कुंपण मात्र महाग पडते, आणि घातलेले टिकेलच असे नाही (चोरांनाही तारेचा भाव कळतो).

तालुक्यातील एक डॉक्टर:
दोर असायलाच हवेत, परंतु जगातील अशा मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुलांचे असतात, आणि त्यांना दोराचा उपयोग नाही. आई निंदणीला गेलेली असताना मूल पाण्याच्या टाक्यापाशी जाते. बांगलादेशात लहान मुलांना सकाळच्या कामाच्या वेळात गावातल्याच पाळणाघरात सांभाळण्याची पद्धत याच कारणासाठी राबवली गेली आणि ती उपयोगी ठरली. दुसरे, बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल, तर आधी तोंडाने श्वास द्यावा, नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगावे.

गिरणाकाठचा मास्तर:
सर्वांचे आभार. शाळेमागच्या शेततळ्यावर संध्याकाळी जाऊन आलो. कुंपण एका बाजूला वाकलेले आहे, तिथून मुलांची पायवाट पडली आहे, आणि दोर एकही नाही. मालक आमच्याच एका विद्यार्थ्याचे काका आहेत. उद्या दोर घेऊनच त्यांच्याकडे जातो. केळीवाले दादा, नायलॉनचा दोर उन्हाने किती दिवसांत कुजतो?