गणित घेतलं की सगळे दरवाजे उघडे? आधी आम्हा पालकांना कोणी शिकवा!

पळशीकर_कॉलनी
परवा आपल्या इंदूरच्या ग्रुपवर तिलकनगरकर काकांनी लिहिलं, "दहावी झाली की डोळे मिटून मुलाला अकरावीला गणित द्यावं, सगळे दरवाजे उघडे राहतात. पंधरा वर्षांच्या पोराला काय विचारायचं?" खाली धडाधड अंगठे. तिथे वयाचा मान ठेवून गप्प बसले, पण दोन दिवस भाजी चिरतानाही तेच डोक्यात. म्हणून इथे लिहिते.

काका, आम्ही अगदी हेच केलं. मुलीला दहावीत 81 टक्के, गणितात कसेबसे काठावर. नवरा म्हणाला गणित, सासरे म्हणाले गणित, मी म्हटलं चला गणित. तिला कोणी विचारलं नाही. अकरावीच्या दिवाळीपर्यंत आम्हाला एकच दरवाजा उघडा दिसला, ट्यूशनवाल्यांचा. बाकी तिच्या खोलीचा होता, तो ती आतून लावून घ्यायची.

राग मुलीवर नाही, माझ्यावर आहे. मला काही माहीतच नव्हतं. आमच्या घरी इंदूरचं शिक्षण म्हणजे होळकर कॉलेज, इंजिनीअरिंगचं जीएसआयटीएस आणि मेडिकल. तीन नावं, संपलं. राऊला पोहे खायला जाताना दहा वर्षं आयआयएमची टेकडी बघितली, पण तिथे बारावीनंतर थेट मॅनेजमेंटचा पाच वर्षांचा कोर्स आहे, 2011 पासून आहे, कॉमर्स-आर्ट्सचं मूलसुद्धा परीक्षा देऊ शकतं, हे मला मुलीच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं. तेही साडीच्या दुकानात! वकिलीच्या क्लॅटला कुठलाही विषय चालतो. अहिल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत जायचं तर आता बऱ्याच कोर्सना सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा. ती परीक्षा 2022 ला आली आणि आम्ही 2024 मध्येही "टक्क्यांवर होऊन जाईल" म्हणत होतो.

शाळेत पालकसभा झाली होती हो. चाळीस मिनिटांतली पंचवीस बसच्या फीवर गेली.

माझं म्हणणं एवढंच: मुलांना समुपदेशन करणारे पायलीचे पन्नास आहेत. आम्हाला, आणि आमच्या घरातल्या आजोबांना, कोणीतरी मराठीत बसवून सांगा.

तिलकनगरकर
नाव घेऊन लिहिलंत, ठीक. मी पळून जाणारा नाही.

वाक्य अर्धं उचललंत. मी म्हणालो *दरवाजे उघडे* राहतात, आत जाच असं नाही म्हणालो. गणितवाला उद्या कॉमर्सला जाऊ शकतो, वकिलीला जाऊ शकतो, कलेक्टर होऊ शकतो. उलटं करून दाखवा. एनडीएत एअर फोर्स आणि नेव्हीला भौतिकशास्त्र-गणित लागतं. पायलटला लागतं. दिल्लीत इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं, गणित लागतं. हे मी हवेत बोलत नाही. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज शेकड्यांनी पाहिलेत. कोणत्या पोराला कुठे अडलं ते मला तोंडपाठ आहे.

आणि पंधराव्या वर्षी मुलांना विचारलं तर ती यूट्यूबर व्हायचं म्हणतात. माझा नातू म्हणतो.

डबल_ड्रॉप
काका, मी तो गणितवाला. सगळे दरवाजे उघडे असलेला.

बारावीनंतर एक ड्रॉप, भंवरकुआंच्या क्लासांत. आयआयटी नाही. बाबा म्हणाले आणखी एक घे, माघार घ्यायची नाही. दुसऱ्या ड्रॉपच्या ऑक्टोबरात मीच वाचलं की आयआयटीची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. माझ्या दोन्ही झालेल्या होत्या. म्हणजे घरात चार मोठी माणसं, दोन इंजिनीअर, एक मास्तर, आणि ज्या परीक्षेला मी बसूच शकत नव्हतो तिच्या क्लासची फी भरून महिनोन्महिने रोज सकाळी पाचला मला उठवत होते. क्लासवाल्यांनी सांगितलं? ते का सांगतील.

आता बी.कॉम. करतोय, सीए इंटर सुरू आहे. आर्टिकलशिपही तीनऐवजी दोन वर्षांची झालीय, हे बाबांना तीनदा सांगितलं. ते अजून म्हणतात, "गणिताचं वाया गेलं."

शिफ्ट_बी
दहावीनंतर काय यात पॉलिटेक्निकचं नाव आजपर्यंत एकानेही काढलं नाही. वाटलंच होतं.

मी दहावीनंतर सरळ डिप्लोमा केला, मेकॅनिकल, तीन वर्षं. मग लॅटरल एन्ट्रीने बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे माझ्याबरोबरची अकरावी-बारावीवाली पोरं ज्या वर्षी बी.ई. झाली त्याच वर्षी मीही झालो, आणि हातात डिप्लोमा वेगळा. एक मित्र सांवेर रोडच्या इंडो-जर्मन टूल रूमला गेला, दहावीनंतरच. त्याला साचे बनवता येतात. इंजिनीअर झालेल्या आमच्या आतेभावाला पॉवरपॉइंट बनवता येतं.

पण समाजात? गणपतीत आरतीला गेलो की काकू लोक: "अरेरे, अकरावीला नंबर नाही लागला का?" अहो नंबर कसला, मी गेलोच नाही! लग्नाच्या बायोडाटात आईने डिप्लोमा खोडून फक्त "बी.ई." लिहिलं. पीथमपूरला रोज अप-डाऊन करतो तेही खोडलं, "मल्टिनॅशनल" लिहिलं.

सौ_चिंतातुर
मध्येच विचारते, माझा मुलगा दहावीत आहे, म्हणतो बायो घेऊन इंजिनीअरिंग करणार. असं असतं का?

पळशीकर_कॉलनी
गणित नसेल तर जेईईला अडेल, ताई. उलट आता होतं. गणित घेतलेल्या मुलाने बायोलॉजी जादा विषय म्हणून केलं तर नीटला बसता येतं, 2023 च्या नोव्हेंबरात मेडिकल कमिशननं तसं काढलं. (काका, हा तुमच्या बाजूचा मुद्दा झाला. घ्या.)

तिलकनगरकर
घेतला. आभार मानू का पावती देऊ?

आता_कोथरूड
मूळची इंदूरची म्हणून बोलते. तुम्ही सगळे भंवरकुआंच्या बाहेर बघतच नाही. मुलांना पुण्याला पाठवा. आपली माणसं आहेत, आपली भाषा आहे, इतकी कॉलेजं आहेत. अकरावीपासूनच पाठवा. इथे येऊन पोरं सुधारतात.

दोनदा_पुणे
हेच ऐकून आम्ही पुतणीला अकरावीला पुण्याला मामाकडे ठेवलं. मेडिकल करायचं होतं. नीटला चांगले मार्क आले आणि मग कळलं, महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांच्या कोट्यासाठी दहावीही तिथली लागते, बारावीही, आणि डोमिसाईलही. आमची दहावी इंदूरची. आडनाव कितीही देशस्थ असू दे, खिडकीवरच्या बाईला त्याचं काय? नशीब, मध्यप्रदेशचं "मूल निवासी" प्रमाणपत्र, म्हणजे इकडचं डोमिसाईल, काढून ठेवलेलं होतं, म्हणून इकडच्या काउन्सिलिंगला बसली. दोन वर्षं मामीच्या घरी राहण्याचं जे व्हायचं ते झालंच. आता मामी आमच्याकडे येत नाहीत.

आता_कोथरूड
एकीचं बिघडलं म्हणून पुणं वाईट? मेडिकलचे नियम वेगळे असतील. आमच्या बिल्डिंगमध्ये इंदूरची तीन मुलं इंजिनीअरिंगला आहेत आणि मजेत आहेत.

डबल_ड्रॉप
ताई, ती मॅनेजमेंट कोट्यात आहेत का, हे आधी विचारा. किंवा ऑल इंडियाच्या 15 टक्क्यांत. डोमिसाईल नसलेल्यासाठी अशी मोजकीच दारं.

आणि एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत, तर आणखी मोठा खड्डा आहे. तिथे निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना. "त्या राज्याचा" म्हणजे कोण? मूल निवासी नाही! बारावी पहिल्यांदा जिथून पास झालात ते राज्य. माझ्या रूममेटला कोटाला ठेवलं, तिथल्याच डमी शाळेत नाव घातलं (नाव शाळेत, पोरगा क्लासात). जन्म, घर, आजी सगळं इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये, आणि काउन्सिलिंगमध्ये पठ्ठ्या राजस्थानी! मॅनिटचा, म्हणजे भोपाळच्या एनआयटीचा, घरचा कोटा गेला. चॉइस फिलिंगच्या रात्री त्याच्या वडिलांना हे समजलं. रात्री एकला आम्हाला फोन, "हे बदलता येतं का रे?"

तिलकनगरकर
हे मला माहीत नव्हतं.

पळशीकर_कॉलनी
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, काका.

आता_कोथरूड
म्हणजे पुण्यात बारावी केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीला घरचा कोटा मिळेल ना? मग मी काय चुकीचं म्हटलं? तुम्हा लोकांना पुण्याचं नाव काढलं की मिरची लागते. इतकी वर्षं तिकडे राहून तुमचं मराठी हिंदीत बुडालंय. "काउन्सिलिंगला बसली"... मुलांनी तरी चार वर्षं शुद्ध ऐकावं.

दोनदा_पुणे
व्हीएनआयटीचं बरोबर आहे तुमचं. मॅनिट सोडून नागपूर घ्यायचं. म्हणजे घरून चार तासांवरचं सोडून एका रात्रीच्या प्रवासाचं, ते मिळवण्यासाठी दोन वर्षं पुण्यात खोलीचं भाडं. छान हिशोब.

आणि मराठीचं राहू द्या. माझे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, मोडी लिहायचे. लोक सेवा केंद्रात दाखल्याच्या रांगेत मला शुद्धलेखन उपयोगी पडलं नाही, हिंदी पडलं. आम्ही दोन्ही भाषांत भांडतो, तुम्हाला एकाच भाषेत येतं, त्याला आम्ही काय करणार?

शिफ्ट_बी
आईशप्पथ, हे सराफ्यात ऐकायला पाहिजे होतं, भुट्ट्याचा कीस खाता खाता.

आता_कोथरूड
वैयक्तिक बोलायची गरज नव्हती. मी मदत करायला आले होते. माझ्या भाच्यालाच मी दोन वर्षं सांभाळलं आहे, फुकट, आणि त्याच्या आईने साधा फोन केला नाही. इंदूरच्या माणसांना पुणं हवं असतं ते राहण्या-जेवण्यापुरतं.

दोनदा_पुणे
...मामी?

आता_कोथरूड
मी कोणाची मामी नाही. आत्या आहे.

सौ_चिंतातुर
माझा प्रश्न राहिला. मुलगा म्हणतो, नववीतच क्लासच्या फाउंडेशन बॅचला नाव घातलं तर सवलत आहे. घालू का?

पळशीकर_कॉलनी
नववीत? ताई, केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की सोळा वर्षांच्या आतलं किंवा दहावीची परीक्षा न झालेलं मूल क्लासने घ्यायचं नाही. सवलत कशाची देतायत, हे त्यांनाच विचारा. आणि मुलगा दहावीत आहे म्हणालात ना वर?

सौ_चिंतातुर
हा धाकटा.

डबल_ड्रॉप
धाकट्याला वाचवा.

डमी शाळेच्या भानगडीतही पडू नका. एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशाला बारावीत 75 टक्के तरी लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. आमच्या बॅचमधल्या दोघांना जेईईत चांगली रँक होती आणि बारावीत सत्तरच्या आसपास. शाळेचं तोंड न पाहिल्याचा परिणाम.

तिलकनगरकर
मी दोन दिवस वाचतोय. आता माझं ऐका.

मी 1978 ला बारावी... नाही, आमची तेव्हा अकरावीच होती. गणित मला वडिलांनी दिलं. मला इतिहास आवडायचा. बँकेत लागलो, घर झालं, मुलगा बंगळुरूला आहे. वडिलांचं बरोबर ठरलं असंच मी आजवर धरून चाललोय. म्हणून नातवालाही तेच सांगत होतो.

गणिताबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण हे बारावीच्या राज्याचं, दोन अटेम्प्टचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी मात्र सगळ्यांना सांगत फिरत होतो. सोसायटीच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते. रविवारी सकाळी या. आजोबांनाही आणा, पळशीकरबाई, तुमच्या सासऱ्यांना मुद्दाम आणा. चहा माझा. पोहे तुम्ही बघा.

गणितावर पहिली दहा मिनिटं मी बोलणार. ही अट आहे.

पळशीकर_कॉलनी
पाच.

तिलकनगरकर
आठ.

शिफ्ट_बी
पॉलिटेक्निकला किती?

तिलकनगरकर
तुम्ही पोह्यांच्या वेळी बोला, सगळे जागे असतात.

शिफ्ट_बी
चालेल. बाराच्या आत आटपा, माझी शिफ्ट आहे. आणि कोणाची मुलगी स्थळं बघत असेल तर आईने खोडलेला बायोडाटा मी अख्खा घेऊन येतो.

सौ_चिंतातुर
मूल निवासी अजून काढलेलं नाही आमच्याकडे. समग्र आयडी (मध्यप्रदेश सरकारचा कुटुंबाचा नंबर) लागतो का?

दोनदा_पुणे
घेऊनच जा. आमच्याकडे खिडकीवर पहिलं तेच मागितलं. आणि त्यावरचं नाव आधारशी जुळतंय का ते आजच बघा. आमच्यात "प्राजक्ता"चा क्त सुटला होता, तीन चकरा झाल्या.