रॅम घेण्याआधी विंडोजची आवृत्ती बघा
रॅम (कॉम्प्युटरची चालू कामाची मेमरी) कमी म्हणून मायक्रोसॉफ्ट ऑफिस इन्स्टॉल होत नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. कमी रॅमवर प्रोग्राम रखडतो. इन्स्टॉलर सुरुवातीलाच अडला तर आधी विंडोज कोणतं आहे ते बघा. ऑफिस २०१९ ला किमान विंडोज १० लागतंच. विंडोज ७ वर ऑफिस २०१६ पर्यंतच जाता येतं, तेही सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चं मोठं अपडेट) असेल तर. लिब्रेऑफिस या मोफत पर्यायानेसुद्धा २५.८ आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडून दिलंय.

आणखी एक: जुन्या ३२ बिट ऑफिसचा एखादा भाग शिल्लक असेल तर ६४ बिटचा सेटअप नकार देतो. माझ्याकडे असाच ऑफिसच्या फाइल फक्त बघायचा एक जुना प्रोग्राम (व्ह्यूअर) कंट्रोल पॅनेलच्या यादीत तळाशी पडून होता. तो काढून मशीन रिस्टार्ट केलं आणि सेटअप विनातक्रार पूर्ण झाला.