मदत हवी आहे: जुन्या ग्रामीण विनोदी मासिकाचं पुनर्मुद्रण (नाशिक)

नमस्कार मंडळी. १९६०-७० च्या दशकातले अंक आहेत. न्यूजप्रिंट आम्लामुळे पिवळा पडून घडीवर तुटतोय. गंजलेल्या पिना ओढल्या की भोक फाटतं, म्हणून टोकं सरळ करून एकेक उचलतोय. फाटलेल्या पानांना सेलोटेप अजिबात नाही. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाची पातळ खळ वापरतोय.

स्कॅन ६०० डीपीआय, टिफ. मागचा मजकूर पुढे दिसू नये म्हणून पानामागे काळा कागद. रेषांची व्यंगचित्रं छान येतात. खरी अडचण ठिपक्यांच्या ब्लॉकवरून छापलेल्या फोटोंची: त्यांवर नव्या छपाईचे ठिपके पडले की जाळीदार नक्षी उमटते आणि डीस्क्रीन केलं (म्हणजे सॉफ्टवेअरनं जुने ठिपके घालवले) की चेहरे पुसट होतात. कुणी हे नीट जमवलंय का? कोणती सेटिंग?

ओसीआरनंतर (संगणकानं स्कॅनमधला मजकूर वाचून घेतल्यावर) मुद्रितशोधनाला बोली जाणणारं माणूसही हवंय. ‘व्हता’चं ‘होता’ झालं तर विनोदच गेला!

हक्कांचं: कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे बहुतेक मजकुराला वारसांची लेखी परवानगी लागणार. पत्राचा नमुना आहे का कुणाकडे? आणि नाशिकमध्ये १०० प्रती, ७० जीएसएम नॅचरल शेड कागदावर, शिलाई बांधणीत कोण करून देईल?